चालू डब्यातली यादी

“बाई, तुम्ही म्हणताय तशी लाल पट्टी आमच्या प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हती.”

“होती हो. वर, रक्तदात्याच्या नावाशेजारी. शनिवारपर्यंत होती.”

“नव्हती.”

“मी रोज बघत होते.”

“दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये बघितली असेल. होतं असं कधीकधी.”

मग तेंडोलकर बाई म्हणाल्या, “आमच्याकडे दुसरा प्रोग्रॅमच नाही,” आणि त्यांनी फोन ठेवला. मी कपाळावर हात मारून घेतला. सोमवारची सुरुवातच अशी झाली होती.

याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही रक्तकेंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कोण रक्त देऊन गेलं, कुठला गट, पिशवी कुठे गेली, असलं सगळं त्यात. तेंडोलकर बाई सिंधुदुर्गातल्या एका रक्तकेंद्रात तंत्रज्ञ होत्या. केंद्राचं नाव मुद्दाम सांगत नाही. सत्तावन्न-अठ्ठावन्न वय, फोनवर आवाज एकदम ठणठणीत, आणि तक्रार केली की ती सुटेपर्यंत पिच्छा सोडायच्या नाहीत. मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

पट्टी कसली, तर त्यांचं म्हणणं असं. बॉम्बे नावाचा एक दुर्मीळ रक्तगट आहे. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण तसल्या माणसाला साधं ‘ओ’ रक्त चालत नाही, दिलं तर जिवावर बेततं. त्याला दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त लागतं. बाईंच्या मते त्यांच्या भागातल्या अशा तीन रक्तदात्यांच्या नावाशेजारी लाल पट्टी यायची आणि बटण दाबलं की तिघांची यादी उघडायची. आता पट्टी नाही, यादी नाही, आणि ते तिघं चार हजार साध्या ‘ओ’वाल्यांत मिसळून गेलेत.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये रक्तगट आठच होते. नववा गट लिहायला जागाच नव्हती. मग त्याची पट्टी कुठून येणार?

तरी मी शोधलं. मी टापटिपीची बाई, शोधल्याशिवाय नाही म्हणत नाही. प्रोग्रॅममध्ये पाच वर्षांत कोणी काय बदललं, त्याची ओळ न् ओळ आमच्याकडे जपलेली होती. सगळी चाळली. लाल पट्टी नाही, यादी नाही, ‘बॉम्बे’ हा शब्दसुद्धा नाही. मग चालू कंटेनरच्या आत शिरले.

हे जरा सांगायला हवं. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमची एक बंद, चालती प्रत. आम्ही त्याला ऑफिसात डबा म्हणायचो. साच्यातून गणपती काढतात तसा साच्यातून डबा काढायचा आणि चालू करायचा. तो चालू असतानाही एक कमांड देऊन आत जाता येतं, आणि आत उभं राहून ही फाईल दाखव, ती उघड, अशा कमांडा देता येतात. मी आत गेले, शोध म्हटलं. अशी फाईल नाही. दुसऱ्या नावाने शोध म्हटलं. नाही. सगळं आतलं एकदा ओळीने मांड म्हटलं. त्याने मांडलं, मी वाचलं, त्यात काही नव्हतं. माझ्यापुरता विषय संपला.

मंगळवारी केंद्राचे प्रमुख डॉ. वर्दम यांचा फोन आला. माणूस सभ्य, हळू बोलणारा.

“इंगवले मॅडम, या पट्टीचं काय आहे नक्की?”

“सर, अशी पट्टी नव्हतीच. मी सगळा इतिहास तपासलाय.”

“नक्की ना? कारण बाई अगदी ठाम आहेत. आणि मला वेगळीच काळजी आहे. त्यांच्या आईला विसरायचा आजार होता. शेवटी शेवटी नसलेल्या गोष्टी दिसायच्या म्हणे. बाई क्रॉसमॅचच्या टेबलावर बसतात. रुग्णाला कुठली पिशवी चालेल ते त्या ठरवतात. तिथे बसणाऱ्या माणसाला नसलेलं दिसायला लागलं तर मी काय करू?”

“मी काय बोलणार सर.”

“मला लेखी द्या. म्हणजे निर्णय घ्यायला बरं.”

मी ईमेल लिहिली. ‘सखोल तपासणीअंती असे आढळले की, अशी कोणतीही पट्टी अथवा यादी प्रणालीमध्ये कधीही अस्तित्वात नव्हती.’ ‘सखोल’ शब्द घातल्यावर मला छान वाटलं होतं, हेही सांगून टाकते. पाठवली आणि चहाला गेले.

बुधवारी सव्वाअकराला पुन्हा बाईंचा फोन. मी मनात म्हटलं, आली का पीडा. पण आवाज बाईंचा वाटेना. खाली बसलेला, दबका.

“इंगवले मॅडम, तक्रार नाही करत. एक विचारायचं होतं. रागावू नका.”

“बोला ना.”

“तुमच्याकडे ते नाईकनवरे होते ना? मी त्यांना कधी फोन केला होता का, हे तुम्हाला कळू शकतं?”

नाईकनवरे म्हणजे आमचे जुने सीनियर. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून हैदराबादला गेले होते, त्यांचं काम माझ्याकडे आलं होतं.

“केला असेल. का?”

“असेल नको. केला होता की नाही?” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मी तीन नावं सांगितली आणि त्यांनी तिथल्या तिथे यादी करून दिली. मी डबा खात खात बोलत होते. भेंडीची भाजी होती. सगळं दिसतंय मला. पण आता मला कळत नाही, की हे झालं होतं की मला नुसतं वाटतंय.”

मी “कशाला एवढं मनाला लावून घेताय,” असलं काहीतरी बोलले.

“एक पेशंट आलीय. बाळंतपणाची, पंचवीस वर्षांची पोर. वार खाली सरकलीय, सकाळपासून थोडं थोडं रक्त जातंय, हिमोग्लोबिन सहा. साडेचारला सिझर ठरलंय. गट बॉम्बे निघाला, मीच काढला. मुंबईला एक पिशवी मिळतेय, ती इथे पोचायला उद्या उजाडेल. मी डॉक्टरांना म्हटलं, आपल्याकडचे तिघं आहेत. एक नाव सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं तर नुसतं ‘ओ’. मग त्यांनी तुमचं पत्र दाखवलं मला. आजपासून टेबलावर दुसरी मुलगी बसलीय. माझी हरकत नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे. मला फक्त एवढं कळू दे, की तो फोन झाला होता का.”

मंगळवारपर्यंत मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि आता एका भेंडीच्या भाजीने डोक्याचा पार भुगा केला. पाच वर्षांच्या इतिहासात यादी नाही म्हणजे नाही. पण असलं काही कोणी बनवून सांगेल का? आजारी डोक्याला खोटं इतकं बारीक दिसतं का? मला काय ठाऊक, मी काही डॉक्टर नाही.

पुन्हा डब्यात शिरले. त्याच कमांडा, तीच उत्तरं. बाहेर आले, परत शिरले. भलत्याच केंद्राच्या डब्यात तर शिरत नाहीये ना म्हणून नाव तपासलं. बरोबर होतं. आणि तेव्हा, तिसऱ्या वेळी, माझं लक्ष डबा कधी चालू झाला त्या तारखेकडे गेलं. रविवार. अर्थातच रविवार, मीच तर चालू केला होता. जुना डबा सलग चौदा महिने चालत होता, मध्ये एकदाही बंद नाही. इतका जुना डबा चालू ठेवणं मला बरं वाटायचं नाही. रविवारी सकाळी सुट्टी असून ऑफिसात येऊन मी जुना काढून टाकला, साच्यातून नवा कोरा काढून चढवला. वर कंपनीचे मालक मिणचेकर सर, त्यांनी पाठ थोपटली होती.

बाई म्हणत होत्या, शनिवारपर्यंत होती.

पण तरी कळेना. साचा तोच, मग डबा तोच. साच्यात पट्टी नव्हती तर जुन्या डब्यात कुठून आली असेल? मी डोकं धरून बसले, आणि मग आठवलं की डबा गेला तरी लॉग राहतो. लॉग म्हणजे प्रोग्रॅम मिनिटामिनिटाला स्वतःबद्दल ज्या ओळी लिहितो त्या, आणि आमच्याकडे त्या डब्याच्या बाहेर साठायच्या. गेल्या वर्षीची अनंत चतुर्दशी कॅलेंडरात शोधली. दुसऱ्या दिवसाचा लॉग उघडला.

सकाळभर नेहमीच्या ओळी. एक वाजून पन्नास मिनिटांनी एक ओळ अशी, जी आमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेली नाही. ‘विशेष यादी: १.’ चार मिनिटांनी ‘विशेष यादी: २.’ मग नऊ मिनिटं काही नाही. दोन वाजून तीन मिनिटांनी ‘विशेष यादी: ३.’

त्यानंतर रोज सकाळी, वर्षभर, तीन. शनिवारी तीन. रविवारपासून ओळच नाही.

मी हैदराबादला फोन लावला. नाईकनवरे सर मीटिंगमध्ये होते, तरी त्यांनी उचलला.

“सर, तेंडोलकर बाईंची यादी तुम्ही केली होती?”

“कुठल्या तेंडो… हां, बॉम्बेवाली. हो की. का गं?”

“मग ती प्रोग्रॅममध्ये का नाही?”

“अगं, नववा गट घालायचा म्हटल्यावर मिणचेकर म्हणाले, सगळी मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, पुढच्या वर्षी बघू. बाई म्हणाल्या, तोवर माझ्या तिघांचं काय? मला ते पटलं. मग गेलो चालू डब्यात, आतल्या आत पट्टी जोडून दिली, त्यांनी सांगितली ती नावं एका फाईलमध्ये टाकली. दहा मिनिटांचं काम.”

“आणि कुठे लिहून ठेवलंत?”

“ते राहिलंच बघ.” मग त्यांचा आवाज बदलला. “इंगवले, तू डबा बदललास काय?”

“रविवारी.”

“नुसता थांबवलास की काढून टाकलास? थांबवला असशील तर आतलं सगळं मिळेल.”

“काढून टाकला.”

“अरे देवा.”

“नावं आठवतात का तुम्हाला?”

“कशी आठवतील गं? बाईंनी सांगितली, मी टाकली.”

असं होतं बघा. आमच्या ऑफिसात ही सवयच होती. काही अडलं की नाईकनवरे सर ‘आत जाऊन येतो’ म्हणायचे, दोन कमांडा मारायचे आणि बाहेर येऊन सुपारी कातरायला घ्यायचे. काम झालेलं असायचं, गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. पण डब्याच्या आत हाताने केलेलं त्या डब्यापुरतंच असतं, साच्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि डबा काढला की तेही जातं. मला हे पाठ होतं. दुसऱ्यांना मी शिकवायचे. फक्त कोणी आत काही ठेवून गेलं असेल, हे काढायच्या आधी बघावं, एवढं मला सुचलं नव्हतं.

बॅकअप होता, पण तो आठ गटांच्या माहितीचा. फाईल त्यात नव्हती. मी तरी अर्धा तास खणत बसले. साडेबारा झाले. मिणचेकर सर बेळगावला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. ते बरंच झालं, नाहीतर त्यांनी मला गप्प बसवलं असतं. आणि मी बसलेही असते कदाचित. कारण मनात येत होतंच. यादी तर गेलीच. आता सांगून ती परत येणार आहे का? बाईंना होता म्हणावं, फोन झाला होता म्हणावं, तेवढंच तर विचारलंय त्यांनी. बाकीचं कोण विचारतंय? लाज वाटते सांगायला, पण पाच एक मिनिटं मी हा विचार केला.

मग फोन लावला.

“बाई, फोन झाला होता. एक वाजून पन्नास मिनिटांनी पहिलं नाव सांगितलंत. दोन वाजून तीनला तिसरं.”

मी लॉग समोर ठेवून सांगत गेले.

“यादी होती. पट्टीपण होती. शनिवारपर्यंत होती, तुम्ही म्हणत होता तश्शी. मी रविवारी पुसली. मला माहीत नव्हतं, पण पुसली मी. आणि मग तुम्हालाच खोटं पाडलं. ती आता परत काढता येत नाही बाई, मी सगळं करून बघितलं.”

मला वाटलं फोन कट झाला.

“बाई?”

“माझाच डोक्या फिरला काय, असा वाटला माका,” त्या एकदम म्हणाल्या. फोनवर त्या कधी मालवणीत बोलल्या नव्हत्या. “तीन दिवस गॅस बंद केला का, कडी लावली का, चार चार वेळा उठून बघतंय. नवऱ्याक पण सांगूक नाय. आता आईसारखा होतला, म्हटलंय.” त्या रडत होत्या हे मला उशिरा कळलं. मलाही रडू यायला लागलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि आवाज पुन्हा ठणठणीत झाला. “थांब गो. स्पीकरवर टाकते. डॉक्टर, इकडे या जरा. ही काय म्हणते ऐका. हां, परत बोल. सगळं बोल.”

मी सगळं परत बोलले. एकदा बोलायला जेवढं अवघड गेलं त्याच्या दुप्पट दुसऱ्यांदा गेलं. डॉ. वर्दम शेवटी म्हणाले, “म्हणजे यादी होती, पण आता नाही. मग उपयोग काय? नावं कुठून आणायची?”

“नावं?” बाई म्हणाल्या. “नावं मला पाठ आहेत की.”

मी खुर्चीत ताठ बसले.

“उल्हास धुरी, पिंगुळी, बेकरी आहे त्याची. जेरोम लोबो, सावंतवाडी, गाड्या दुरुस्त करतो, जूनमध्ये दिलंय, आता चालेल. तिसरी अस्मिता परब, वालावलची अंगणवाडीवाली, पण तिला मार्चमध्ये मुलगा झालाय, अंगावर पाजते, तिला बोलवायचं नाही. दोघांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत.”

“अहो, मग सकाळी हे सगळं का नाही सांगितलंत?” डॉक्टर म्हणाले.

“एक नाव सांगितलं ना. तुम्ही बघितलंत, ‘ओ’ निघालं. मग पत्र वाचलं. त्याच्यावर मला पुढची नावं तोंडातून काढायचा धीर होईना. म्हटलं, ही पण मी मनानेच रचली असतील. त्या पोरीच्या जिवाशी खेळ नको.” आणि मग, डॉक्टरांना नव्हे, मला म्हणाल्या, “तुम्ही शिकलेली माणसं. लिहून दिलंत तुम्ही.”

त्या लगेच दोघांना फोन लावायला गेल्या.

धुरी दीड वाजता पोचला, हाताला मैदा तसाच. लोबो पावणेतीनला. टेबलावर बाई स्वतः बसल्या, दोघांचं रक्त पुन्हा तपासलं, गट बॉम्बेच निघाला. तातडीच्या चाचण्या होईपर्यंत सिझर सव्वापाचपर्यंत पुढे ढकललं. हे सगळं मला बाईंनी सहाच्या सुमारास फोन करून सांगितलं. मी तोवर जागेवरून उठले नव्हते, दुपारचा डबाही उघडला नव्हता.

“मुलगी झाली. दोन किलो सातशे. आईला एक पिशवी लागली, दुसरी चढतेय. बरी आहे.”

“देव पावला,” मी म्हटलं.

“देवाचं सांगू नका, धुरी पावला.” मग म्हणाल्या, “एक काम होतं. तुम्ही डॉक्टरांना जसं लिहून दिलंत, तसं मलापण द्या. माझ्या नावाने.”

“सकाळपर्यंत पाठवते.”

“आत्ता द्या. मला आज घरी जाऊन वाचायचंय.”

मी लिहायला बसले. ‘फेरतपासणीअंती असे आढळले की, सदर यादी प्रणालीमध्ये कार्यरत होती व तांत्रिक कारणास्तव ती नष्ट झाली. श्रीमती तेंडोलकर यांचे म्हणणे बरोबर होते.’ दोनदा वाचलं, पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

“हे नको.”

“काय चुकलं बाई?”

“तांत्रिक कारण कोण? मी नाही ओळखत त्याला.” आवाजात राग नव्हता. थकल्या होत्या नुसत्या. “कोणी काय केलं, ते सरळ लिहा. मला कळेल असं.”

मी सगळं खोडलं. मग लिहिलं, ‘तेंडोलकर बाई, तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं. यादी मी पुसली आणि ती नव्हतीच असं खोटं लिहून दिलं. वृषाली इंगवले.’

त्यांनी ते फोनवरच, मला ऐकू येईल असं, मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, “आता बरोबर,” आणि टेबलावर परत गेल्या.